सुरी, सुई आणि सोलापूरचा डॉक्टर

डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनला गेले ते आधुनिक वैद्यक सोबत घेऊन. पोचले तो देश मात्र दोन हजार वर्षांहून जुन्या, अगदी वेगळ्या वैद्यकावर चालत होता. या दोन पॅथींत फरक काय, आणि तो आज तुम्हाला कशाला माहीत हवा?

समजा, तुमचं वय 27 आहे. डॉक्टरकीची डिग्री हातात पडलीय, पुढच्या शिक्षणाची तयारी चाललीय. घर निम्न मध्यमवर्गीय. दोन भाऊ, पाच बहिणी. सगळ्यांचे डोळे तुमच्याकडे लागलेत. अशात कुणी तुम्हाला विचारलं, की एका परक्या देशात युद्ध पेटलंय, तिथे जखमींना टाके घालायलाही माणूस नाही, भाषा तुम्हाला येत नाही, परत याल याची खात्री नाही, तर जाल का? खरं सांगा, किती दिवस विचार कराल?

1938 साली सोलापूरच्या द्वारकानाथने हो म्हटलं.

कोटणीस हे नाव तुम्हाला अगदीच नवं नसेल. व्ही. शांतारामांचा 1946 चा 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा सिनेमा आजी-आजोबांनी पाहिला असेल. पण आपल्याला त्यांची गोष्ट बहुतेक वेळा भारत-चीन मैत्रीची गोष्ट म्हणूनच सांगितली जाते. त्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. ती आहे दोन वैद्यकांची.

पाच डॉक्टर, त्यातले एक आपल्या नागपूरचे

द्वारकानाथचा जन्म 10 ऑक्टोबर 1910 चा, सोलापूरचा. डॉक्टरकी शिकला मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात. तो शिकत होता तेव्हा इकडे स्वातंत्र्याची चळवळ तापलेली, आणि तिकडे जुलै 1937 मध्ये जपानने चीनवर मोठं आक्रमण सुरू केलं. चीनच्या आठव्या मार्गसेनेचे प्रमुख चू तेह यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून डॉक्टरांची मदत मागितली. सुभाषचंद्र बोस तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी देशाला आवाहन केलं. लोकांनी 22 हजार रुपये जमवले, एका अँब्युलन्सची सोय झाली आणि पाच डॉक्टरांचं पथक तयार झालं.

पथकाचे प्रमुख होते अलाहाबादचे डॉ. अटल. ते स्पेनच्या यादवी युद्धात जखमींवर उपचार करून आलेले. कोलकात्याचे दोघे, डॉ. विजयकुमार बसू आणि डॉ. मुखर्जी. सोलापूरचे कोटणीस. आणि वयाने सगळ्यांत ज्येष्ठ होते आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर! ज्या वयात माणसं निवृत्तीचा हिशेब मांडतात, त्या वयात हा नागपूरकर युद्धावर निघाला. कोटणीसांचं नाव रस्त्यांना लागलं, सिनेमाला लागलं. चोळकरांचं नाव आज नागपुरातल्या किती कॉलेजांतल्या पोरांना माहीत आहे? वर्गात विचारून बघा.

1 सप्टेंबर 1938 ला पथक मुंबईहून बोटीने निघालं. त्याच महिन्यात ग्वांगझोऊला पोचलं. पुढे हानखौ, छोंगछिंग असं करत फेब्रुवारी 1939 मध्ये यान्आनला. वाटेत प्रत्येकाला चिनी नाव मिळालं. प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी 'हुआ' जोडलं गेलं. हुआ म्हणजे चीन. आपले कोटणीस झाले 'के दीहुआ'.

चीनमध्ये असतानाच वडील गेल्याची बातमी आली. परत जाणं अगदी रास्त ठरलं असतं. कोटणीस थांबले.

नाडी बघणारा देश

आता जरा थांबून हे डॉक्टर कुठल्या देशात उतरले होते ते बघू.

तेव्हाच्या चीनमध्ये आधुनिक शिक्षण घेतलेले डॉक्टर थोडे, आणि तेही बहुतेक मोठ्या शहरांत. खेड्यापाड्यातला माणूस आजारी पडला की जायचा तो पारंपरिक वैद्याकडेच. हा वैद्य काय करायचा? तीन बोटं मनगटावर ठेवायचा. दोन्ही हातांवर तीन-तीन जागा, त्याही कधी हलक्या, कधी दाबून. मग जीभ बघायचा, तिचा रंग, तिच्यावरचा थर. झोप कशी लागते, घाम येतो का, तहान गार पाण्याची की गरम, हे सगळं विचारायचा. आणि मग चिठ्ठीवर आठ-दहा वनस्पतींचा काढा लिहून द्यायचा, किंवा बारीक सुया टोचायचा.

यामागे एक पक्की मांडणी आहे. शरीरात 'ची' नावाची प्राणशक्ती ठरावीक वाटांनी वाहते. यिन आणि यांग, म्हणजे थंड आणि उष्ण, आतलं आणि बाहेरचं, अशा जोड्यांचा तोल राहिला की माणूस बरा. तोल गेला की आजारी. शिवाय लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी ही पाच तत्त्वं. तुम्हाला आयुर्वेदाची आठवण आली ना? येणारच. तिथे वात-पित्त-कफ आणि पंचमहाभूतं आहेत. मात्र दोन्ही एकच नव्हेत. आपल्या पाचात आकाश आणि वायू आहेत, त्यांच्या पाचात लाकूड आणि धातू.

मुख्य फरक आता येतो. दहा जणांचं डोकं दुखतंय. आधुनिक डॉक्टर कारण शोधेल: बीपी वाढलंय का, डोळ्यांचा नंबर आहे का, सायनसमध्ये पू आहे का, मेंदूला संसर्ग आहे का. एकदा कारण सापडलं की उपचार ठरतो, आणि ज्यांचं कारण एक त्यांचे उपचारही साधारण सारखेच. चिनी वैद्य कारणाआधी माणसाच्या बिघाडाचा नमुना शोधतो. या दहांपैकी एकात 'उष्णता वर चढलीय', दुसऱ्यात 'गार वारा शिरलाय', तिसऱ्यात 'ची कमी पडलीय'. म्हणून दुखणं एकच असलं तरी काढे वेगळे. उलट, दोन अगदी वेगळे आजार असले आणि नमुना एकच दिसला, तर काढा एकच.

एका वैद्यकाचा भर रोगावर, दुसऱ्याचा रोग्यावर, असं सोपं वाक्य यावर तयार करता येईल. पण ते अर्धंच खरं आहे. खरा फरक आहे तो पुरावा कसा मागायचा यात. आधुनिक वैद्यक प्रेत उघडून बघतं, सूक्ष्मदर्शकाखाली जंतू बघतं, आणि एक औषध शंभरांना देऊन दुसऱ्या शंभरांशी तुलना करतं. 'ची'च्या वाटा मात्र कुठल्याच शवविच्छेदनात सापडलेल्या नाहीत. चिनी वैद्यकाचा आधार आहे जुने ग्रंथ आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. अनुभव मोठा असतो, हे कबूल. पण अनुभवात एक खोट असते. बरे झालेले रोगी वैद्याला लक्षात राहतात, आणि आपोआप बरे झालेलेही त्याच खात्यात जमा होतात.

हे भांडण चीनमध्ये कोटणीस पोचायच्या आधीच पेटलेलं होतं, बरं का! 1929 मध्ये नानचिंगच्या सरकारी आरोग्य मंडळाने पारंपरिक वैद्यक टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा ठराव केला. देशभरचे वैद्य खवळले. 17 मार्च 1929 ला शांघायमध्ये त्यांची मोठी परिषद भरली, औषधाची दुकानं बंद राहिली, आणि सरकारला माघार घ्यावी लागली. या वादाला दहा वर्षंही झाली नव्हती, तेव्हा आपले पाच डॉक्टर चीनच्या किनाऱ्याला लागले.

गोळी काढायला काढा चालत नाही

युद्धाच्या आघाडीवर मात्र वाद घालायला कुणाला सवड नव्हती. मांडीत गोळी अडकलीय, हाड फुटून बाहेर आलंय, रक्त थांबत नाही. इथे नाडीचे प्रकार मोजून उपयोग नाही. हात हवा तो सर्जनचा. चिनी परंपरेत मोडलेली हाडं बसवणारे, गळवं फोडणारे कुशल लोक होते. अठराशे वर्षांपूर्वीच्या हुआ तुओ नावाच्या शल्यवैद्याच्या कथाही सांगितल्या जातात. पण पोट उघडून आतडं शिवायचं, तर ती विद्या नव्या वैद्यकाचीच होती. चीनने नेमकी तीच मागितली होती.

चोळकर, मुखर्जी आणि पुढे अटल मायदेशी परतले. कोटणीस आणि बसू राहिले. 1940 मध्ये कोटणीस उत्तर चीनच्या डोंगराळ भागात, जपानी फौजांच्या अगदी नाकासमोर काम करत होते. दवाखाना म्हणजे खेड्यातली घरं, कधी देऊळ. शत्रू जवळ आला की सगळं खेचरांवर लादून पुढच्या गावी. एका लढाईच्या वेळी त्यांनी सलग 72 तास ऑपरेशनं केली. तुमच्या परीक्षेच्या आदल्या रात्रीचं जागरण आठवा, त्याला तिनाने गुणा, आणि हातात पेनाऐवजी सुरी आहे असं समजा.

जानेवारी 1941 मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. हे नाव ज्यांचं, ते कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथ्यून. त्यांचा मृत्यू कसा झाला हे ऐका. ऑपरेशन करताना बोट कापलं, जखमेतून जंतू रक्तात गेले आणि 12 नोव्हेंबर 1939 ला ते गेले. जंतू म्हणजे काय, ते कसे पसरतात, हे बेथ्यूनना पुरतं माहीत होतं. पण पेनिसिलिन तेव्हा औषध म्हणून अजून कुणाच्या हाती आलेलं नव्हतं. म्हणजे त्या काळी आधुनिक वैद्यकही सर्वशक्तिमान नव्हतं. रोग ओळखता यायचा, रोखता यायचाच असं नाही.

कोटणीसांनी नुसती ऑपरेशनं केली नाहीत. ते चिनी भाषा शिकले, बोलायलाच नाही तर वाचायलाही. त्याच भाषेत विद्यार्थ्यांना सर्जरी शिकवली, त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तक लिहायला घेतलं. परक्या देशात जाऊन तिथल्याच भाषेत शरीरशास्त्र शिकवणं म्हणजे काय, हे इंजिनिअरिंगचं पहिलं सेमिस्टर इंग्रजीत काढणाऱ्या मराठी माध्यमाच्या पोराला वेगळं सांगायला नको! तिथेच त्यांची क्वो छिंगलान हिच्याशी ओळख झाली. ती नर्सिंग शिकवायची. 1941 मध्ये दोघांनी लग्न केलं. पुढच्या वर्षी मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

जुनं झाड, नवी सिरिंज

त्या डोंगरांची दुहेरी नाकेबंदी झालेली होती. बाहेरून औषध येणं महामुश्कील. मलेरिया आणि तापाने सैनिक बेजार. तेव्हा थायहांग पर्वतातल्या आठव्या मार्गसेनेच्या औषध कारखान्याने एक वेगळाच प्रयोग केला. 'चायहू' नावाची वनस्पती चिनी वैद्य तापावर काढ्यात वापरत आलेले. कारखान्याने तिचा अर्क उडवून घेतला आणि 1941 च्या सुमारास चक्क इंजेक्शन बनवलं. पारंपरिक वनस्पतीचं चीनमधलं हे पहिलं इंजेक्शन. वनस्पती जुन्या वैद्यकाची, सिरिंज नव्या वैद्यकाची. गरजेपोटी दोन्ही पॅथी एका बाटलीत आल्या.

गोष्ट इथे संपली असती तर फार गोड झाली असती. पण चायहूचं इंजेक्शन पुढेही अनेक दशकं चीनमध्ये सर्रास दिलं गेलं, त्याच्या रिअ‍ॅक्शनच्या तक्रारी साचत गेल्या, आणि 2018 मध्ये चीनच्याच औषध नियामकाने ते लहान मुलांना देऊ नये असं वेष्टनावर छापायला लावलं. परंपरेने तोंडावाटे दिलेली वस्तू शिरेत किंवा स्नायूत टोचली, की ती वेगळीच वस्तू होते. तिची तपासणीही नव्याने करावी लागते.

9 डिसेंबर 1942

कोटणीसांना फिट्सचा त्रास सुरू झाला होता. अपस्मार. उपचारासाठी दुसरीकडे जाण्याचा सल्ला त्यांना मिळाला होता. ते गेले नाहीत. काम सोडवलं नाही.

याच आजाराकडे दोन वैद्यकं कशी बघतात ते बघा. चिनी वैद्यकाच्या मते साचलेला कफ आणि शरीरात उठलेला 'वारा' माणसाची शुद्ध हिरावून घेतात. आधुनिक वैद्यकाच्या मते मेंदूतल्या पेशींचे विद्युत संदेश एकाएकी बेताल होतात. यातलं दुसरं उत्तर यंत्रावर मोजता येतं, आणि त्यावर बेतलेली औषधंही तोवर जगात आलेली होती. फेनोबार्बिटोन 1912 पासून, फेनिटॉइन 1938 पासून. पण औषध जगात असणं आणि ते वेढा पडलेल्या डोंगरातल्या खेड्यात नियमित मिळणं, यात केवढं अंतर!

9 डिसेंबर 1942 ला एकामागून एक फिट्स आल्या आणि डॉ. कोटणीस गेले. वय 32. यिनहुआ तेव्हा अवघ्या काही महिन्यांचा होता. पुढे तोही डॉक्टरकी शिकत असताना 1967 मध्ये ऐन तारुण्यात गेला. क्वो छिंगलान 2012 पर्यंत जगल्या आणि भारतातल्या सासरशी त्यांनी अखेरपर्यंत नातं राखलं. चीनमधल्या शीच्याच्वांगच्या हुतात्मा उद्यानात कोटणीस आणि बेथ्यून दोघांचीही स्मारकं आहेत. सोलापुरात भैय्या चौकातलं त्यांचं घरही आज स्मारक आहे. पंढरपूर-अक्कलकोटला जाताना वाट वाकडी करून बघता येईल.

सर्जनच्या नावाने सुया

इथे गोष्टीला एक गमतीदार वळण मिळतं. कोटणीसांचे सोबती डॉ. बसू 1943 मध्ये भारतात परतले. पुढे 1950 च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, तिथे अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात त्याने उपचार करू लागले. भारतात अ‍ॅक्युपंक्चर रुजवण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. आपल्या मित्राची आठवण म्हणून बसूंनी ही विद्या कोटणीसांच्या नावाने पसरवली. पंजाबात लुधियानाला तर कोटणीसांच्या नावाचं अ‍ॅक्युपंक्चर रुग्णालयच आहे. आयुष्यभर सुरी चालवणाऱ्या माणसाचं नाव सुईला लागलं! महाराष्ट्रात आज अ‍ॅक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदाही आहे.

मग या सुया खरंच काम करतात का? काही जुनाट दुखण्यांत आणि केमोथेरपीनंतरच्या मळमळीत बऱ्याच जणांना आराम पडतो, असं अभ्यासांत दिसलंय. पण खोट्या सुया, म्हणजे चुकीच्या जागी किंवा न टोचता नुसत्या टेकवलेल्या, यांनीही अनेकदा जवळपास तेवढाच आराम पडतो, असंही दिसलंय. कॅन्सर किंवा न्यूमोनिया सुईने बरा होत नाही. एवढं पक्कं लक्षात ठेवा.

आणि वनस्पतींचं काय? दोन उदाहरणं शेजारी ठेवा. पहिलं तु यूयू यांचं. या बाई औषधशास्त्र शिकलेल्या, नंतर अडीच वर्षं पारंपरिक वैद्यकही शिकल्या. मलेरियावर औषध शोधताना त्यांना चौथ्या शतकातल्या गे होंग या वैद्याच्या ग्रंथात एक कृती सापडली. छिंगहाव वनस्पती पाण्यात भिजवून तिचा रस पिळून घ्यायचा. उकळायचं नाही! त्यांच्या लक्षात आलं, की उष्णतेने औषध मरत असणार. 1971 मध्ये त्यांनी कमी तापमानाला ईथरने अर्क काढला, प्राण्यांवर तपासला, मग आधी स्वतः घेऊन पाहिला. त्यातून आर्टेमिसिनिन मिळालं. 2015 चं नोबेल मिळालं. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात आज मलेरियाच्या अनेक रुग्णांना जी गोळी मिळते, तिच्यात याच कुळातलं औषध असतं.

दुसरं उदाहरण ब्रुसेल्सचं. 1990 च्या सुमारास तिथे वजन कमी करायला बायकांनी चिनी वनस्पतींच्या गोळ्या घेतल्या. त्यात अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असलेली वनस्पती शिरली होती. कित्येकींची मूत्रपिंडं कायमची निकामी झाली. पॅथी तीच, वनस्पतीच. एकीने लाखो जीव वाचवले, दुसरीने माणसं डायलिसिसवर नेली. फरक पडला तो तपासणीने.

आता नागपूरचं बघा. इकडे मेडिकल आणि मेयो, तिकडे सक्करदऱ्याकडचं शासकीय आयुर्वेद महाविद्यालय. तुमच्यातले काही जण यातल्या एखाद्या कॅम्पसमध्ये शिकतही असतील. आपली पॅथी खरी आणि दुसऱ्याची थोतांड, असं भांडण चहाच्या टपरीवर रंगतं खूप, पण त्याने रोग्याचं काही भलं होत नाही. औषध कुठल्याही देशाचं, कुठल्याही काळाचं असो, चार प्रश्न विचारा. यात नेमकं काय आहे? हे कुणावर, कसं तपासलंय? याने नुकसान काय होऊ शकतं? आणि हे घेताना मी दुसरा कोणता गरजेचा उपचार टाळतोय का? मोबाइलवर आलेला हर्बल नुस्खा आईबाबांना पाठवण्याआधी तर नक्की विचारा. घरात कुणाला फिट्स येत असतील, तर रोजची गोळी कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. कोटणीस ज्या आजाराने 32 व्या वर्षी गेले, त्याच्या गोळ्या आज सरकारी दवाखान्यात मिळतात. त्या नियमित घेतल्या, तर बहुतेकांच्या फिट्स आटोक्यात राहतात.